लगाम सैल करायचाच तर विषयांचा करा

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय रेडिओ व दूरचित्रवाणी प्रशासन,
बीजिंग, चीन.

विषय : मालिकांच्या लांबीवरील मर्यादा टिकवून विषयांवरील बंधने सैल करण्याबाबत.

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये आपण दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचा पुरवठा वाढावा म्हणून काही नव्या उपाययोजना जाहीर केल्या आणि त्यांत मालिकांच्या भागसंख्येविषयीच्या धोरणात सुधारणा करण्याचाही समावेश केला. फेब्रुवारी २०२० पासून ४० भागांची जी रेषा आपण आखून दिली होती ती आता पुसट होणार, असा त्याचा अर्थ सर्वत्र लावला गेला. ही मर्यादा ज्यांना जाचत होती त्यांना आनंद होणे स्वाभाविक आहे. मी मात्र पडद्याच्या अलीकडे बसणारा माणूस आहे, आणि माझे म्हणणे असे की आपल्या हातात जे दोन लगाम आहेत, एक लांबीचा आणि एक विषयांचा, त्यांपैकी जो घट्ट धरायला हवा तोच आपण सैल करू लागला आहात.

आपल्या अधिकारक्षेत्राशी माझा काडीचाही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये माझ्याच देशाच्या सरकारने ज्या ४३ अ‍ॅप्सवर बंदी घातली त्यांत चिनी मालिका दाखवणारी ‘वीटीव्ही’ आणि ‘मँगो टीव्ही’ ही दोन्ही होती, तेव्हा त्याबद्दल आपल्याकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. आम्ही मराठी प्रेक्षक आपल्या मालिका नेटफ्लिक्सवर पाहतो, आपल्याकडील कंपन्यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर इंग्रजी सबटायटल्स वाचत पाहतो, नाहीतर एमएक्स प्लेअरवर हिंदी डबिंगमध्ये पाहतो, जिथे चिनी दरबारातला सेनापती हिंदी सिनेमातल्या ठाकुरासारखा गरजतो. सातव्या शतकात आपल्या देशातून आलेल्या ह्युएन त्संगाने महाराष्ट्रातील लोकांविषयी लिहून ठेवले आहे की ते उपकारही विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. या पत्रात दोन्हींचे अंश सापडले तर नवल मानू नये.

आधी उपकाराविषयी. २०१८ सालच्या दोन गाजलेल्या राजवाड्याच्या मालिकांपैकी ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’ ७० भागांची होती आणि ‘रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस’ ८७ भागांची. पहिलीतली कारागिरी मी आजही विसरलेलो नाही. सम्राज्ञी फुछाच्या केसांत सोन्यामोत्यांऐवजी रेशमी धाग्यांची फुले खोवलेली दिसतात. नानजिंगच्या जुन्या कारागिरीची ही फुले त्या बाईचा साधेपणा आणि तिचा दर्जा एकाच वेळी सांगून जातात, त्यासाठी एकही संवाद लागत नाही. पण ज्या मालिकेला एवढे नेमके दाखवता येते, तिलाच पुढे तोच कट, तीच विषाची वाटी आणि तोच पश्चात्ताप पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो, कारण भाग भरायचे असतात. आपल्याकडे मालिका भागाच्या दराने विकली जाते, म्हणजे भाग जितके जास्त तितके पैसे जास्त, आणि तारांकित नटांचे मानधन आभाळाला भिडले की ते जास्तीत जास्त भागांवर पसरवणे निर्मात्याला भागच पडते. मालिकेत पाणी घालणे हा कोणाच्या आळसाचा परिणाम नव्हता, तो सरळ हिशेब होता.

२०२० च्या आपल्या परिपत्रकाने या हिशेबालाच हात घातला. मालिका ४० भागांच्या आत असावी, शक्यतो ३० च्या आत असावी, नटांचे एकूण मानधन निर्मितीखर्चाच्या ४० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि त्यातही मुख्य नटांचा वाटा ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे त्यात होते. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र एक कमी चर्चा झालेले कलम : नोंदणीला अर्ज करतानाच संहिता मुळात लिहून तयार असल्याची हमी निर्मात्याने द्यावी. हे कलम वाचून मराठी प्रेक्षकाला किती हेवा वाटतो याची कल्पना आपल्याला येणार नाही. आमच्या दैनंदिन मालिकांत आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आली की सीन सेटवर त्याच दिवशी येतात, आणि टीआरपी बरा असेपर्यंत नायिकेचे लग्न, बाळंतपण आणि स्मृतिभ्रंश यांना अंत नसतो. शेवट ठरवून मग सुरुवात करणे ही गोष्टीची पहिली शिस्त आहे, आणि एका सरकारी खात्याने ती लेखी मागितली, हे मला आजही आश्चर्याचे वाटते.

त्याच वर्षी ‘आयछीयी’ या व्हिडिओ मंचावर आलेली ‘द बॅड किड्स’ १२ भागांची होती. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच गणित शिकवणारा एक शांत, चष्मा लावलेला जावई सासूसासऱ्यांना डोंगरावर घेऊन जातो, फोटो काढायचा म्हणून त्यांना कड्याच्या टोकाशी बसवतो, सासऱ्यांची बसण्याची ढब नीट करतो आणि दोघांना खाली ढकलून देतो. दूरवर तीन मुले मजेत व्हिडिओ काढत असतात, आणि त्यांच्या कॅमेऱ्यात ते सापडते. एवढ्या भांडवलावर १२ भाग उभे राहतात आणि कुठेही वेळ काढला जात नाही. मालिकेतच एक कथा दोन शेवटांनी सांगितली जाते, एक परीकथेचा आणि एक खरा. शेवटच्या भागात सर्व काही जरा जास्तच गोडीने मिटते तेव्हा प्रेक्षकाच्या हाती ती किल्ली आधीच असते, आणि कोणता शेवट खरा मानायचा हे तो स्वतः ठरवतो. आपल्या नियमांना हवा तो शेवट देऊनही दिग्दर्शक शिन श्वांग यांनी स्वतःचा शेवट राखला, याला मी निव्वळ हुशारी म्हणणार नाही, ते प्रेक्षकावर टाकलेले ओझे आहे आणि प्रेक्षकाने ते आनंदाने उचलले.

याच दिग्दर्शकाची २०२३ ची ‘द लाँग सीझन’ ही माझ्या मते गेल्या दहा वर्षांतील कोणत्याही देशाच्या उत्तम मालिकांपैकी एक आहे. तीही १२ भागांचीच. ईशान्य चीनमधल्या एका पोलाद कारखान्यात इंजिन चालवणारा वांग श्यांग, कारखान्याचा आदर्श कामगार, १९९८ मध्ये मुलगा गमावतो आणि त्याच सुमारास कामगारकपातीची लाट कारखान्याला गाठते. २०१६ मध्ये तोच माणूस टॅक्सी चालवतो आणि जुन्या खुनाचा माग काढत राहतो. फान वेई हे मुळात विनोदी नट. त्यांच्या चालण्यात, खांदे पाडून उभे राहण्यात आणि नको तिथे विनोद करण्यात अठरा वर्षे दिसतात. ईशान्य चीन म्हटले की बर्फ आणि काळोख दाखवायचा ही वहिवाट मोडून मालिकेने मक्याची शेते आणि शरद ऋतूचे पिवळे ऊन दाखवले, आणि त्यासाठी चित्रीकरण दूर दक्षिणेला युन्नानमध्ये केले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी घरात पाहिले किंवा ऐकले आहे, त्या मराठी माणसाला कारखान्याचा भोंगा थांबल्यावर घराघरांत काय होते हे समजावून सांगावे लागत नाही. त्या अडीच लाख गिरणी कामगारांवर अशी संयमी, पूर्ण लिहून मग चित्रित केलेली १२ भागांची मालिका आमच्याकडे अजून व्हायची आहे.

आता कोणी म्हणेल की ५४ भागांची ‘निर्वाणा इन फायर’ आणि ७६ भागांची ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ याही आपल्याच मालिका आहेत आणि त्यांतला एक भाग काढायचा म्हटले तर जीव जातो. हे मला पूर्ण मान्य आहे. मोठी गोष्ट मोठीच असावी. पण भागाच्या दराने विक्री ही मूळ पद्धत तशीच ठेवून मर्यादा काढली, तर मोठ्या गोष्टी वाढणार नाहीत, लहान गोष्टी फुगतील. म्हणून मर्यादा काढायचीच असेल, तर आधी विक्रीची पद्धत बदलावी, एवढे तरी करावे.

दुसऱ्या लगामाविषयी लिहिताना मला हात आखडता घेता येणार नाही.

२००४ मध्ये आपल्या पूर्वसूरींनी भ्रष्टाचार आणि गुन्हेगारीवरील मालिका मुख्य वेळेतून बाहेर काढल्या. दहा वर्षांहून अधिक काळ हा विषय जवळपास मुका राहिला. मग मार्च २०१७ मध्ये ‘इन द नेम ऑफ द पीपल’ आली, आणि आली तीही सर्वोच्च जनअभियोजन कार्यालयाच्या, म्हणजे देशातील सर्वोच्च सरकारी वकील यंत्रणेच्या, पाठबळाने. तिच्या पहिल्याच भागात एक अधिकारी साध्या घरात वाडगाभर नूडल्स खात बसलेला असतो, आपण शेतकऱ्याचा मुलगा असल्याचे सांगतो, आणि थोड्याच वेळात त्याच्या दुसऱ्या घराच्या भिंतींतून, पलंगातून आणि फ्रिजमधून नोटांच्या थप्प्या निघतात. त्याने त्यातली एकही नोट खर्च केलेली नसते. असे पात्र लिहिणारे लेखक आपल्याकडे होते, ते वठवणारे नट होते आणि ते पाहायला कोट्यवधी प्रेक्षक आतुर होते, हे त्या मालिकेच्या यशाने दाखवले. मधल्या वर्षांत जे लिहिले गेले नाही त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

बंधने घातली की गोष्टी मरत नाहीत, त्या मुखवटे घालून येतात, हे आपल्याइतके चांगले कोणाला ठाऊक असेल? २०११ मध्ये कालप्रवासाच्या मालिका इतिहासाशी खेळतात अशी टीका झाली. २०१९ च्या ‘जॉय ऑफ लाइफ’मध्ये आजचा तरुण जुन्या काळात जन्म घेतो, पण त्याआधी एक विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना सांगताना दिसतो की ही सारी मी लिहीत असलेली कादंबरी आहे. त्या प्रसंगाचे कथेत दुसरे काहीही काम नाही. तो आपल्या परवानगीसाठी आहे. ‘द नॉकआउट’मध्ये गाओ छीछ्यांग नावाचा मासेविक्रेता गुंडांचा म्होरक्या होतो ते चिंगहाय शहरात, ‘द लाँग सीझन’ घडते हुआलिनमध्ये, आणि यांपैकी कोणतेही शहर नकाशावर सापडत नाही. आपल्या मालिकांवर विश्वास ठेवायचा तर चीनमधला गुन्हा केवळ अस्तित्वात नसलेल्या शहरांतच होतो. प्रेक्षकांना मात्र ‘द नॉकआउट’चे चित्रीकरण ज्या च्यांगमेनमध्ये झाले ते बरोबर सापडले आणि २०२३ मध्ये तिथे पर्यटकांची रीघ लागली. आणि अनेक मालिकांच्या शेवटी काळ्या पडद्यावर जी अक्षरे येतात, अमक्याला एवढ्या वर्षांची शिक्षा, तमक्याला जन्मठेप, त्यांनी कोणाचे समाधान होते हे मला आजवर कळलेले नाही. तासन् तास गुंतून राहिलेल्या प्रेक्षकाला शेवटी न्यायालयाची नोटीस वाचायला लावणे हा नटांचाही अवमान आहे.

‘द अनटेम्ड’ या २०१९ च्या ५० भागांच्या मालिकेत मूळ कादंबरीतील दोन पुरुषांचे प्रेम मैत्रीत बदलावे लागले. तरीही ती जगभर पाहिली गेली, कारण दोन्ही नटांनी जे बोलायचे नव्हते ते नजरेने पोचवले. सप्टेंबर २०२१ मध्ये आपण पुरुषांच्या तथाकथित बायकी दिसण्यावरच नियम काढला, आणि अशा कथांवर बेतलेल्या, चित्रीकरण पूर्ण झालेल्या मालिकाही कपाटात अडकल्या. पुरुषाने कसे दिसावे हे ठरवणे हे प्रशासनाचे काम आहे, असे मला कोणत्याही देशाच्या बाबतीत वाटत नाही. माझ्याही देशाच्या बाबतीत वाटत नाही.

मुखवट्यांपैकी सर्वांत गोड मुखवटा मी एका लघुपटात पाहिला. शांघाय अ‍ॅनिमेशन फिल्म स्टुडिओ आणि बिलिबिली हा व्हिडिओ मंच यांनी जानेवारी २०२३ मध्ये आठ लघुपटांची एक मालिका आणली. तिच्या पहिल्या लघुपटात पश्चिमेकडे निघालेल्या भिक्षूला पकडण्यासाठी एक राक्षस तयारी करतो आहे, आणि त्याच्या डोंगरावर एक छोटा रानडुक्कर-राक्षस राबतो आहे. तो बाण सुधारून बनवतो तर वरिष्ठ ते फेकून देतो आणि वर शिव्या घालतो. आज एक हुकूम, उद्या त्याच्या उलटा. तो घरी जातो तेव्हा आई त्याला पाणी पीत जा म्हणते आणि भोपळ्याची बाटली हाती देते. नोकरी करणाऱ्या कोणत्याही माणसाला यात कोणाची गोष्ट आहे हे विचारावे लागत नाही. तोच डुक्कर ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा नायक झाला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. हाच प्रसंग एखाद्या खऱ्या कार्यालयात, खऱ्या साहेबाच्या तोंडी घालून तीस भागांत दाखवला असता, तर आपल्या टेबलावरून तो सहीसलामत सुटला असता का, एवढेच मला विचारायचे आहे.

भाषेच्या बाबतीत आपण अलीकडे थोडे मोकळे झाला आहात, त्याची नोंद घेतलीच पाहिजे. २००५ मध्ये मालिकांनी प्रमाण चिनीच वापरावी असा आग्रह होता. दिग्दर्शक वांग कार-वाय यांची ‘ब्लॉसम्स शांघाय’ डिसेंबर २०२३ मध्ये आली ती प्रमाण भाषेत आणि शांघायच्या बोलीत अशा दोन्ही रूपांत. मला दोहोंतली एकही भाषा येत नाही, तरी बोलीतली ऐकताना पात्रे भांडतात तेव्हा खरोखर भांडतात असे वाटते. २०२४ ची ‘टू द वंडर’ केवळ आठ भागांची, त्यात कझाक माणसे कझाक बोलतात, आणि ती कान सीरीज महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पोचली. ज्यांच्या घरात वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलली जाते त्यांना यातले मोल वेगळे सांगायला नको. इथे आपण वाट मोकळी केली आणि काहीही कोसळले नाही.

मोबाइलच्या उभ्या पडद्यावरील मायक्रो-ड्रामाविषयी फार लिहावेसे वाटत नाही. एक-दोन मिनिटांचा भाग, असे साठ-सत्तर-शंभर भाग, पहिले काही फुकट आणि मग पैसे. घटस्फोटाच्या कागदांवर सही करणारी बायको, तिच्या तोंडावर फेकलेली वाइन, आणि दारातून आत येणारा तिचा अब्जाधीश भाऊ, हे सर्व नव्वद सेकंदांत. हेंगदियनच्या प्रचंड चित्रनगरीत आता अशा इतक्या मालिका बनतात की आपल्याकडचे लोक त्या गावाच्या नावातले ‘हेंग’, म्हणजे ‘आडवे’, काढून त्याला ‘उभे’ म्हणून चिडवतात. २०२४ मध्ये या बाजाराची उलाढाल ५० अब्ज युआनच्या आसपास गेली, तर त्याच वर्षी चित्रपटगृहांची तिकीटविक्री सुमारे ४२.५ अब्ज होती. तेव्हा आपले लक्ष तिकडे गेले यात नवल नाही. पण १ जून २०२४ पासून लागू झालेल्या वर्गवारीत दहा लाख युआनहून महाग ती महत्त्वाची, तीन लाखांपर्यंतची स्वस्त ती तपासायला थेट अ‍ॅपवाल्यांकडे, ही विभागणी मला उलटी वाटते, कारण सर्वांत जास्त थपडा, अपमान आणि सूड स्वस्तातच विकले जातात. पुढे नोव्हेंबरमध्ये दांडगट सीईओंच्या कथांना आपण आवर घालायला सांगितले. मी त्यानंतर ज्या पाहिल्या त्यांत शीर्षके सभ्य झाली होती, सीईओ मात्र तोच होता.

शेवटची विनंती पारदर्शकतेची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अभिनेत्री झाओ वेई यांचे नाव आपल्याकडील प्रमुख मंचांवरून एका रात्रीत पुसले गेले, त्यांच्या काही मालिका दिसेनाशा झाल्या, आणि १९९८ पासून ज्या मालिकेने त्यांना घराघरांत पोचवले तिच्या श्रेयनामावलीतही त्या उरल्या नाहीत. कारण जाहीरपणे सांगितले गेले नाही. याउलट २०२० मध्ये पुढचे भाग आधी दाखवण्यासाठी जादा पैसे घेतल्याबद्दल एका प्रेक्षकाने बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयात आयछीयीवर दावा लावला, तेव्हा कारणांसह निकाल लागला, भरपाई मिळाली आणि पुढच्या वर्षी ती पद्धत बंद पडली. प्रेक्षकाला कारण सांगता येते, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. म्हणून ज्या मालिकेला आपण परवानगी नाकाराल, जिचा शेवट बदलायला लावाल किंवा जी मंचावरून उतरवाल, तिच्याबाबत कोणत्या कलमाखाली आणि का, हे चार ओळींत प्रसिद्ध करावे. ते मराठीत नको, इंग्रजीतही नको. ज्या प्रेक्षकाने त्या मालिकेचे पैसे भरले आहेत त्याच्या भाषेत, त्याला सापडेल अशा जागी असावे.

कळावे.

आपला,
एक मराठी प्रेक्षक